जुनी माझदा एमएक्स-५ घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

रेडिंगकर

नमस्कार. इंग्लंडमध्ये येऊन मला सहा वर्षे झाली. दोन सीटची, टप उघडणारी गाडी घ्यावी ही इच्छा कॉलेजच्या दिवसांपासूनची आहे आणि आता त्यासाठी थोडे पैसे बाजूला पडले आहेत. माझदा हे नाव आपल्याकडे स्वराज माझदाच्या मिनीबसमुळे माहीत असले, तरी त्याच कंपनीची एमएक्स-५ ही छोटी स्पोर्ट्स कार इथे बरीच दिसते आणि जुनी असेल तर आवाक्यातही असते.

मला आवडलेली गाडी २००३ सालची, म्हणजे दुसऱ्या पिढीतली आहे. इंजिन १.८ लिटरचे, ८२,००० मैल चाललेले, आणि मालक २,६०० पौंड सांगतो आहे. एमओटी, म्हणजे इथली वार्षिक तपासणी, गेल्याच महिन्यात झाली आहे. मला गाडी चालवता येते, परंतु बोनेटखालचे फारसे कळत नाही. पहिल्या वर्षाची दुरुस्ती धरून ३,५०० पौंडांत भागवायचे आहे. शनिवारी गाडी पाहायला जायचे आहे, तेव्हा तासाभरात काय काय पाहून घ्यावे? दोन-तीन वर्षांनी पुण्याला परतण्याचा विचार आहे. त्या वेळी ही गाडी सोबत नेता येईल का?

पाना_पक्कड

या गाडीचे इंजिन वेळेवर ऑइल बदलले तर दीड लाख मैल सहज जाते. ही गाडी मरते ती गंजाने. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते वीस वर्षे पत्र्याच्या सांध्यांत जाऊन बसलेले असते. म्हणून तुमच्या तासातली निदान चाळीस मिनिटे गुडघ्यांवर, गाडीखाली टॉर्च मारण्यात जाऊ द्या.

पहिली जागा म्हणजे दाराखालची पट्टी, जिला इथे सिल म्हणतात, आणि त्यातही तिचा मागच्या चाकाकडचा शेवट. तिथेच का, हे समजून घेतले तर तपासणी सोपी होते. टपावरचे पावसाचे पाणी कडेने मागे उतरते, सीटच्या पाठीमागे दोन्ही कोपऱ्यांत असलेल्या छिद्रांतून नळीत जाते आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे गाडीखाली बाहेर पडते. पाने, माती, शेवाळ यांनी ही नळी तुंबली की पाण्याला दुसरी वाट उरत नाही. ते आत गालिच्याखाली आणि सिलच्या पोकळीत जाऊन बसते आणि सिल आतून कुजू लागते. बाहेरच्या रंगाला तांदळाएवढा फोड दिसतो, तेव्हा आतला पत्रा बहुधा संपलेला असतो. म्हणून मालकाची परवानगी घेऊन त्या छिद्रात तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि खाली वाकून पाहा. दोन्ही बाजूंनी धार लागली तर उत्तम. एका बाजूने नुसते थेंब पडत असतील, तर त्या बाजूचा सिल स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत जा. चांगला पत्रा टणटणतो. लांबी, म्हणजे भोके बुजवायचा लगदा, भरून रंगवलेला पत्रा भद्द वाजतो, आणि तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

दुसरी जागा दुसऱ्या पिढीतच जास्त त्रास देते आणि म्हणूनच तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणारे चासीचे दांडे आतून दुहेरी पत्र्याचे आहेत आणि त्या दोन पत्र्यांमध्ये ओल अडकते. पुढच्या भागाखाली प्लॅस्टिकचे आवरण असते आणि एमओटी करणाऱ्याला कोणतेही आवरण काढण्याची मुभा नसते, त्यामुळे ताजे प्रमाणपत्र हातात असूनही दांडा पोकळ निघू शकतो. तिथले वेल्डिंग नीट करायचे तर आसपासचे बरेच काही सोडवावे लागते, आणि तो खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो.

माझी पहिली एमएक्स-५ मी अशीच घालवली. गाडीच्या तळाला नवा, काळा, डांबरासारखा लेप होता. मालकाने गाडी फार जपली आहे असे मला वाटले. पुढच्या एमओटीला डावा सिल तपासनिसाच्या अंगठ्याखाली आत गेला. त्या लेपाखाली पत्रा नव्हताच, नुसता लेप कडक होऊन उभा होता. विक्रीच्या तोंडावर मारलेला ताजा लेप दिसला, तर तो मारण्याआधीचे फोटो मागा. ज्याने मनापासून काम केले आहे त्याच्याकडे ते असतात.

व्ही५सी_वाचक

प्रत्यक्ष जाण्यापूर्वी घरबसल्या एक काम करा. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनचा एमओटीचा इतिहास फुकट दिसतो. त्यात पास-नापासाच्या खाली दिलेल्या सूचना ओळीने वाचा. एखाद्या वर्षी सिलला गंज असल्याची नोंद आहे आणि पुढच्या वर्षी ती नाहीशी झाली आहे, असे दिसले तर मधल्या काळातल्या वेल्डिंगचे बिल मागा. बिल नसेल तर गंज झाकलेला आहे असेच धरून चाला. मैलांचे आकडेही वर्षानुवर्षे चढत गेलेले हवेत. वर्षाला दोनशे-तीनशे मैलच चाललेली गाडी मला तरी मोहात पाडत नाही, कारण उभ्या गाडीचे ब्रेक, रबर आणि नळ्या बिघडतात. टायरच्या कडेवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी दहा वर्षांचा टायर बदलायचाच आहे असे समजून भाव करा.

व्ही५सी हे नोंदणीपत्र मालकीचा पुरावा नसते, हे त्या कागदावरच लिहिलेले असते. म्हणून गाडीवर कर्ज बाकी आहे का, अपघातानंतर विमा कंपनीने ती निकालात काढली होती का, हे थोडे पैसे भरून तपासून घ्या. चासी नंबर कागदाशी स्वतः ताडून पाहा. लंडनला जाणे-येणे असेल तर तिथल्या प्रदूषण क्षेत्राचा नियमही पाहा. ऑगस्ट २०२३ पासून तो लंडनच्या सगळ्या बरोंना, म्हणजे शहराच्या प्रशासकीय विभागांना, लागू आहे आणि नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला १२.५० पौंड पडतात. पेट्रोल गाडी युरो ४ या धुराच्या मानकाची लागते. २००३ ची गाडी त्यात बसतेच असे नाही, तेव्हा नंबर टाकून खात्री करा.

पुण्याचा विचार मात्र सोडून द्या. उत्पादनाला तीन वर्षांहून जास्त काळ झालेली वापरलेली गाडी भारतात आणता येत नाही. परतताना ती इथेच विकावी लागेल, आणि त्यासाठीही आज निरोगी पत्र्याची गाडी घेणेच हिताचे आहे.

तिसरा_गिअर

गंजाबद्दल वर सविस्तर आले आहे, म्हणून मी फक्त चालवण्याविषयी लिहितो. इंजिन थंड असतानाच गाडी पाहायची आहे, असे मालकाला आधी कळवा आणि पोहोचल्यावर बोनेटला हात लावून पाहा. थंड गाडीत सुरुवातीला वरून येणारी आणि ऑइल चढल्यावर शांत होणारी टॅपेटची, म्हणजे इंजिनाच्या झडपा ढकलणाऱ्या भागांची, टिकटिक हे पहिल्या पिढीचे लक्षण आहे; तुमच्या इंजिनात तसले टॅपेट नाहीत. म्हणून इथे टिकटिक येत राहिली तर तिचे कारण विचारा. दुसरा गिअर पहिली दोन-तीन मिनिटे जड पडणे हे या गिअरबॉक्सचे जुने लक्षण आहे, पण गरम झाल्यावर तो कुरकुरता कामा नये. क्लचचा पाय दाबून धरल्यावर पॅडल हळूहळू खाली जात असेल, तर क्लचचा सिलिंडर गळतो आहे. काम स्वस्त आहे, पण त्या निमित्ताने किंमत कमी करून घेता येते.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागांचा ताळमेळ राखणारा पट्टा, ६०,००० मैलांना बदलायचा असतो. ८२,००० मैलांच्या गाडीत तो बदलल्याचे बिल नसेल, तर बदललेला नाही असे धरा. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळी असेल तर ठीक. ती तपकिरी पडली असेल तर लवकरच तडकेल. मागच्या ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी आवळणारे भाग, जाम होतात, म्हणून चढावर हँडब्रेक ओढून गाडी थांबते का ते पाहा. शेवटी मोकळ्या रस्त्यावर स्टीअरिंग क्षणभर सैल सोडा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर चारही टायर एकाच कंपनीचे आहेत का, इथून शोध सुरू करा.

रेडिंगकर

सर्वांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो. एमओटीच्या इतिहासात २०२१ साली उजव्या सिलला गंज असल्याची नोंद होती, २०२२ मध्ये ती नव्हती, आणि बिलाविषयी विचारल्यावर मालक म्हणाला की आधीच्या मालकाने ते दिले नाही. डाव्या छिद्रात ओतलेले पाणी लगेच खाली आले. उजव्या बाजूला काहीच आले नाही, आणि दोन मिनिटांनी सीटमागचा गालिचा दाबला तर हाताला ओल लागली. सिल ठोकून पाहिला. पाना_पक्कड यांनी लिहिलेला भद्द आवाज मला लगेच ओळखू आला. मालक ४०० पौंड कमी करायला तयार होता, पण मी घेतली नाही. गाडी चालवताना मात्र फार आनंद झाला, त्यामुळे घ्यायची तर एमएक्स-५ च, हे पक्के झाले आहे.

ऑक्सफर्डजवळ २००४ ची एक आहे, किंमत ३,१०० पौंड. टायमिंग बेल्टचे आणि दोन्ही सिलच्या वेल्डिंगचे बिल मालकाने विचारण्याआधीच फोटोंसह पाठवले. पुढच्या रविवारी सकाळी दहाला जातो आहे, आणि मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, असे त्याला सांगून ठेवले आहे.

पाना_पक्कड

वेल्डिंगच्या फोटोंत जुना पत्रा पूर्ण कापून काढलेला दिसतो आहे का, की वरूनच ठिगळ मारले आहे, तेवढे जाण्यापूर्वी पाहा. फोटो इथे टाकलेत तर मीही पाहतो.