दरडोई, माणशी की प्रतिव्यक्ती? शंभर वर्षांपूर्वीच्या शहरांतली वीज

प्रश्न

शिकागो, बर्लिन आणि लंडन यांच्या वीजपुरवठ्याची तुलना करणारा एक जुना तक्ता मराठीत आणतो आहे. तुलना १९१३ची, बर्लिनच्या आएजी कंपनीतले इंजिनिअर गेओर्ग क्लिंगेनबेर्ग यांनी केलेली. माणसामागे वर्षाला शिकागोत सुमारे ३१०, बर्लिनमध्ये १७० आणि लंडनमध्ये ११० किलोवॅट-तास असे आकडे आहेत. रकान्यावर काय लिहू? ‘प्रतिव्यक्ती वीज उपलब्धता’, ‘माणशी पुरवठा’ की ‘दरडोई वीजवापर’? ‘दरडोई’ वाचलं की मला उगाच विजेचा भाव आठवतो, हीही एक अडचण.

उत्तर

अडचण तशी किरकोळ आहे. दरडोईतला ‘दर’ म्हणजे प्रत्येक. दररोज, दरमहा, दरसाल यांतला. भावाशी गल्लत होईल ती ‘दरडोई वीजदर’ असं कुणी लिहिलं तरच.

‘माणशी’ मात्र इथे नको. पंगतीत माणशी दोन लाडू, सहलीला माणशी तीनशे रुपये. म्हणजे जे प्रत्येकाच्या पानात खरंच पडतं किंवा प्रत्येकाच्या खिशातून खरंच जातं, ते माणशी. दरडोई हा निव्वळ भागाकार. दरडोई उत्पन्न कुणाच्या हातात पडत नाही, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं, त्यामुळे या शब्दाने वाचक आपोआप सावध होतो.

आणि तुमच्या तक्त्यात ही सावधगिरी फारच हवी. शिकागोचे ३१० म्हणजे महिन्याला २६च्या आसपास युनिट (किलोवॅट-तास). हे काही तिथल्या बिऱ्हाडांतल्या दिव्यांत जळले नाहीत. कॉमनवेल्थ एडिसन या तिथल्या वीजकंपनीचे प्रमुख सॅम्युएल इन्सल यांनी ट्राम कंपन्या आणि खांबांवरून धावणारी रेल्वे आपली गिऱ्हाइकं करून घेतली होती. संध्याकाळी दिवे लागतात तेवढ्यापुरतीच वीज विकली, तर उरलेला वेळ यंत्रं बसून राहतात आणि भांडवलाचं व्याज मात्र चढत राहतं, हे त्यांचं साधं गणित होतं. त्यामुळे विजेचा मोठा हिस्सा चाकांवर गेला. ‘माणशी ३१०’ लिहिलंत, तर वाचक घरोघरी दिव्यांची आरास डोळ्यांसमोर आणेल.

प्रतिसाद

थोडा मतभेद. ‘दर माणशी उत्पन्न’ असंही लोक लिहीत आले आहेत, ते चूक म्हणवत नाही. पण नुसतं ‘माणशी’ नको, हे मान्य. ‘प्रतिव्यक्ती’ला अर्थाची हरकत नाही, फक्त तो सरकारी परिपत्रकातला वाटतो. ‘उपलब्धता’ तर काढूनच टाका. धान्याची उपलब्धता ठीक आहे, विजेच्या बाबतीत तिचा अर्थ चोवीस तासांतले किती तास वीज असते, असा होऊन बसेल.

उत्तर

शब्द ठरला तरी ‘डोई’ कुणाच्या मोजल्या, हे तक्त्याखाली लिहा. १९११च्या जनगणनेत लंडन काउंटीची, म्हणजे आतल्या लंडनची, वस्ती ४५ लाख २१ हजार होती आणि उपनगरं धरून बृहत् लंडनची ७२ लाख ५१ हजार. तुमचे ११० काउंटीच्या वस्तीवरून काढलेले असतील, तर एकूण वीज सुमारे ४९ कोटी ७० लाख युनिट होते. तीच वीज बृहत् लंडनला वाटली की आकडा ६९च्या घरात येतो. विजेचा एक युनिटही कमी न होता!

बर्लिनचंही तेच. १९२० साली आजूबाजूची गावं-शहरं सामील झाली आणि वस्ती एका फटक्यात १९ लाखांवरून ३८ लाखांवर गेली. दोन वेगळ्या वर्षांचे दरडोई आकडे शेजारी ठेवताना हे विसरलं, तर बर्लिनकर अचानक काटकसरी झाले असं वाटेल.

सगळ्यात गमतीचा नमुना म्हणजे ‘सिटी ऑफ लंडन’, तो मधला पेढ्या-बँकांचा चौरस मैल. १९११मध्ये रात्री तिथे राहणारे २० हजारांच्या आतच होते, दिवसा येणारे साडेतीन लाखांहून जास्त. जनगणना रात्रीची, दिवे आणि लिफ्ट दिवसाच्या माणसांसाठी. तिथे दरडोई आकडा काढणंच व्यर्थ.

प्रश्नकर्ता

हे काउंटीचं लक्षातच घेतलं नव्हतं. मग ‘पुरवठा’ लिहू की ‘वापर’?

उत्तर

मूळ आकडा कुठे मोजला आहे ते पाहून ठरवा. केंद्रातून बाहेर पडलेली वीज मोजली असेल तर ‘निर्मिती’. गिऱ्हाइकांच्या मीटरवरची मोजली असेल तर ‘विक्री’. मधली घट या दोहोंतला फरक. ‘पुरवठा’ त्यातल्या त्यात सैल शब्द, म्हणूनच कधी कधी सोयीचा. ‘वापर’ लिहायचं तर ज्यांनी स्वतःची वीज स्वतः तयार केली त्यांनाही धरावं लागेल. लंडनच्या भुयारी रेल्वेचा बराचसा भाग चेल्सीतल्या लॉट्स रोड केंद्राच्या विजेवर चाले आणि काउंटी कौन्सिलच्या ट्रामसाठी ग्रिनिचला वेगळं केंद्र होतं. ही दोन्ही केंद्रं बेरजेत आहेत की नाहीत, यावर लंडनचा मागासलेपणा बराच अवलंबून आहे. (पूर्ण नाही. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तिथे ६५ वीजसंस्था, ७० केंद्रं आणि वीजप्रवाहाच्या दहा निरनिराळ्या वारंवारता (फ्रिक्वेन्सी) होत्या. एका भागातला मोटर-पंखा दुसऱ्या भागात चालेल याची खात्री नाही, तिथे खप कसा वाढणार?)

प्रतिसाद

मुंबईचं उदाहरण आठवलं. १९१५पासून खोपोलीची टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. ती शहराच्या वस्तीने भागली, तर चाळीतल्या खोलीत रॉकेलची चिमणी लावून बसलेल्या साच्यावरच्या कामगाराच्या नावावरही युनिट चढतात. तेव्हा ‘माणशी’ला माझाही विरोध.

उत्तर

आता एककाबद्दल. ‘किलोवॅट-तास’ बरोबरच आहे, पण ‘युनिट’ लिहायला संकोच नको. ब्रिटनमध्ये याच मापाला ‘बोर्ड ऑफ ट्रेड युनिट’ म्हणत, आपल्या बिलावरचा युनिट तोच.

आणि कालावधी शीर्षकातच येऊ द्या. व्याजाच्या गणितांतलं द.सा.द.शे. आठवतं ना, दरसाल दरशेकडा? त्याच धर्तीवर ‘वीजपुरवठा, दरसाल दरडोई (युनिट)’. त्याखाली बारीक अक्षरांत: लोकसंख्या कोणत्या हद्दीची, आणि ट्राम-रेल्वेची वीज धरली की वगळली.