मदत हवी आहे: लीड्समधली थॉर्नीक्रॉफ्ट कागदपत्रं
शिल्पकार हॅमो थॉर्नीक्रॉफ्ट (1850–1925) यांच्या ‘द मोअर’ या पुतळ्यावर दिवाळी अंकासाठी लिहितेय. गवत कापणारा साधा मजूर: टोपी, जड बूट, कमरेवर हात, काय मानाने उभा केलाय! 1884 साली प्लास्टर, 1894 साली ब्राँझ. मला स्टुडिओतले, घडणीचे फोटो हवेत. थॉर्नीक्रॉफ्ट कुटुंबाची कागदपत्रं इंग्लंडमधल्या लीड्सच्या हेन्री मूर इन्स्टिट्यूट या शिल्पकलेच्या अभ्यासकेंद्रात आहेत. ऑनलाइन सूची चाळली, ईमेलही केलाय. पुण्याहून जाणं शक्य नाही. पत्रांतले उतारे छापणार नाही (अप्रकाशित पत्रांवर ब्रिटनमध्ये 2039 अखेरपर्यंत स्वामित्वहक्क असू शकतो). एक-दोन फोटो पुरेत, शुल्क भरेन. तिथे बसून काम केलेलं कुणी आहे का? माझ्या वतीने दुसऱ्या कुणी मोबाइलवर फोटो काढलेले चालतात का, आणि छपाईची परवानगी वेगळी मागावी लागते का?