‘हेरेडिटरी’, ‘द विच’, ‘स्किनामारिंक’ : भांडण चित्रपटाशी की टीव्हीशी?

मध्यरात्र

आम्ही सहा जण महिन्यातून एकदा एकत्र बसून भयपट पाहतो. पुढच्या यादीत मुद्दाम असे चित्रपट घ्यायचेत ज्यांवर कधीच एकमत होत नाही : हेरेडिटरी, द विच, मदर!, स्किनामारिंक, फनी गेम्स, इरिव्हर्सिबल आणि आपल्याकडचे तुंबाड, लपाछपी, अग्ली. यातल्या प्रत्येकाबद्दल एक गट म्हणतो असा चित्रपट पुन्हा होणे नाही, दुसरा म्हणतो दोन तास वाया गेले.

तीन प्रश्न आहेत. ही फूट नेमकी कशामुळे पडते? ४३ इंची एलईडी टीव्हीवर (लॅपटॉप एचडीएमआयने जोडून) रात्रीची दृश्यं कधी राखाडी तर कधी नुसती काळी दिसतात, हा दोष चित्रपटाचा की टीव्हीचा? आणि गटातल्या एकाला संथ चित्रपट सोसत नाहीत, एकीला लैंगिक हिंसा अजिबात बघायची नाही. तर काय ठेवावं, काय गाळावं? शेवट फोडणार असाल तर आधी तसं लिहा, कारण निम्म्या जणांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही.

रीळ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं ट्रेलरमध्ये सापडतं. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची कंपनी पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांकडून थिएटरमध्येच कार्डावर श्रेणी भरून घेते. मदर!ला २०१७ मध्ये थेट एफ, म्हणजे सगळ्यात खालची श्रेणी, मिळाली. हेरेडिटरीला २०१८ मध्ये डी प्लस, द विचला सी मायनस. यातले हेरेडिटरी आणि द विच समीक्षकांनी डोक्यावर घेतले होते. तिकीट काढताना जे मनात होतं ते पडद्यावर मिळालं का, हे त्या कार्डावर उमटतं. हेरेडिटरीने त्या श्रेणीनंतरही जगभरात ८ कोटी डॉलरपेक्षा जास्त धंदा केला, म्हणजे लोक नंतर येतच राहिले.

या बाबतीतलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण तुमच्या यादीत नाही : २०१७ चा इट कम्स ॲट नाइट. नाव आणि जाहिरात बघून वाटतं की रात्री काहीतरी येणार. चित्रपट मात्र साथीच्या रोगात एका घरात अडकलेल्या दोन कुटुंबांमधल्या संशयाचा आहे. श्रेणी डी. मदर!चं तसंच झालं. घरात आगंतुक पाहुणे घुसतात असा थरारपट म्हणून लोक गेले आणि समोर आली बायबलवरची रूपककथा. ती रूपककथा आहे एवढं गटाला आधी सांगून टाका, त्याने काही फुटत नाही. उलट पहिल्या तासातली माणसं इतकी विचित्र का वागतात याचा वैताग येत नाही.

द विचबाबत दोन गोष्टी. संवाद सतराव्या शतकातल्या इंग्रजीत आहेत, बरेचसे त्या काळातल्या रोजनिश्या आणि न्यायालयीन नोंदींतून उचललेले. सबटायटल लावल्याशिवाय बसू नका, नाहीतर वडील आणि मुलीतलं अर्धं भांडण हातून निसटतं, आणि चित्रपट उभाच त्या भांडणावर आहे. दुसरं म्हणजे चौकटीच्या रुंदी-उंचीचं प्रमाण १.६६:१ आहे, त्यामुळे टीव्हीच्या दोन्ही कडांना बारीक काळ्या पट्ट्या राहतील. झूम करून त्या घालवू नका. वरचं आकाश आणि झाडांचे शेंडे कापले जातात, आणि त्या कुटुंबावर जंगलाचं दडपण येतं ते त्या उंचीमुळेच.

एचडीएमआय_दोन

टीव्हीचं मी सांगतो. काळं राखाडी दिसणं आणि अंधारातला तपशील गायब होणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तुमच्याकडे दोन्ही होतात, म्हणजे पहिला संशय लॅपटॉपवर.

चित्रपटाचा व्हिडिओ १६ ते २३५ या पातळ्यांत साठवलेला असतो. १६ म्हणजे पूर्ण काळा. लॅपटॉप मात्र बऱ्याचदा ० ते २५५ अशी पूर्ण रेंज पाठवतो. लॅपटॉप पूर्ण रेंज पाठवतोय आणि टीव्ही १६–२३५ धरून बसलाय, तर सावल्यांमधला सगळा तपशील एका काळ्या डागात बुडतो. उलट झालं तर १६ हा काळा राखाडी दिसतो आणि चित्रावर धुकं पसरल्यासारखं वाटतं. सेटिंग दोन्हीकडे सारखं करा : लॅपटॉपच्या ग्राफिक्स पॅनेलमध्ये ‘लिमिटेड’ की ‘फुल’ ते बघा आणि टीव्हीवर तेच निवडा. सॅमसंगमध्ये त्याला ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ म्हणतात, एलजीमध्ये ‘ब्लॅक लेव्हल’, सोनीत ‘एचडीएमआय व्हिडिओ रेंज’. ‘ऑटो’ नेहमी बरोबर ओळखतंच असं नाही.

मग पिक्चर मोड ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, नॉइज रिडक्शन, इको मोड आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र बदलणारा सेन्सर बंद करा. मोशन स्मूदिंगही (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणं) बंद. एलजीत ते ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’. त्यानंतर यूट्यूबवरचा ‘ब्लॅक क्लिपिंग’ पॅटर्न लावा. त्यात १६ च्या पुढच्या पट्ट्या लुकलुकतात. १७ नंबरची पट्टी जेमतेम दिसेल आणि १६ ची दिसणार नाही, इथवर ब्राइटनेस आणा. बहुतेक टीव्हींवर ब्राइटनेस म्हणजे काळ्याची पातळी आणि बॅकलाइट वेगळा असतो. सोनीच्या नव्या टीव्हींत मात्र ब्राइटनेस म्हणजेच बॅकलाइट, आणि ‘ब्लॅक लेव्हल’ वेगळा पर्याय आहे. इथे गल्लत झाली की सगळी मेहनत फुकट.

एवढं करूनही राखाडीपणा राहिला तर तो पॅनेलचा, म्हणजे पडद्याच्या प्रकाराचा. आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण १०००:१ असतो, व्हीए ३०००:१ च्या वर जातं, ओएलईडीत काळा पिक्सेल विझतोच. आयपीएस असेल तर खोली पूर्ण अंधारी करू नका. टीव्हीच्या मागे भिंतीवर ६५०० केल्विनची मंद एलईडी पट्टी लावा, उजेड पडद्याच्या कमाल उजेडाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. डोळ्यांच्या बाहुल्या थोड्या आकसतात आणि तोच राखाडी काळा वाटू लागतो. ट्यूबलाइट मात्र बंदच हवी, तिचं प्रतिबिंब नेमकं अंधाऱ्या दृश्यावर पडतं. ४३ इंचासाठी बसायचं अंतर पावणेसहा फुटांच्या आसपास. सहा जण असाल तर सोफा पुढे ओढा.

शेवटचा अडथळा स्ट्रीमिंगचा. ब्राउझरमध्ये कॉपीराइट संरक्षणाच्या पातळीमुळे काही सेवा कमी रेझोल्यूशनच देतात, तेव्हा टीव्हीवरचं ॲप वापरा, लॅपटॉप नको. कमी बिटरेटमध्ये (सेकंदाला कमी डेटा) व्हिडिओ दाबून लहान करणारा एन्कोडर सगळ्यात आधी अंधारातला तपशील टाकून देतो, कारण डोळ्याला तो कमी जाणवेल असा त्याचा हिशेब असतो. भयपट नेमका तिथेच घडत असतो. स्किनामारिंक याचा सगळ्यात मोठा बळी. डिजिटल कॅमेऱ्याने शूट करून त्यावर नंतर दाट ग्रेन (जुन्या फिल्मवरचे दाणे) चढवलाय, आणि सगळी भीती त्या ग्रेनमध्ये काहीतरी हललं का या शंकेत आहे. ४८० पी मध्ये ग्रेनचे चौकोनी ठोकळे होतात. तो तसा पाहिलेल्याने ‘काहीच दिसत नाही’ म्हटलं तर ते अक्षरशः खरं आहे.

स्पॉयलर, हेरेडिटरी : सगळं नीट लागलं का हे तपासायला शेवटाकडचं पीटरच्या खोलीतलं दृश्य लावा. तो अंधारात जागा होतो तेव्हा त्याची आई भिंतीच्या वरच्या कोपऱ्याला चिकटलेली असते आणि कॅमेरा तिच्याकडे बोट दाखवत नाही. चुकीच्या सेटिंगवर तिथे फक्त काळी भिंत दिसते.

धुकं

रीळ, सगळा दोष जाहिरातीवर टाकणं मला पटत नाही. (इथून हेरेडिटरी आणि तुंबाड दोन्हींचे स्पॉयलर.)

हेरेडिटरीतली फूट चित्रपटाच्या आतच आहे. पहिले दीड तास तो शोकाचा चित्रपट आहे आणि त्यात टोनी कोलेटचं जेवणाच्या टेबलावरचं दृश्य कुठल्याही भुतापेक्षा भयंकर आहे. शेवटच्या भागात तो पंथाचा चित्रपट होतो. पंथाच्या खुणा सुरुवातीपासून पेरलेल्या आहेत : आजीच्या गळ्यातलं चिन्ह, तेच रस्त्याकडेच्या खांबावर. वर्गात हेराक्लिसच्या शोकांतिकेवर चर्चा चालते तीही त्याच प्रश्नाची, की या माणसांना निवड होती का. घर सेटवर बांधून भिंती काढता येतील असं केलं, त्यामुळे खोल्या बाहुल्यांच्या घरासारख्या समोरून उघड्या दिसतात आणि ‘कुणीतरी हलवतंय’ ही जाणीव सतत राहते. एवढं बारीक काम केल्यावर शेवटी ट्री-हाऊसमध्ये एक बाई उभी राहून पायमन नावाचा सैतान कोण, पीटर आता कोण, हे शब्दांत समजावते. ती चार वाक्यं गाळली असती तर काहीही बिघडलं नसतं. दिग्दर्शक ॲरी ॲस्टरच्या कामातला मला खटकणारा भाग हाच आहे आणि तरीही मी तुमच्या यादीत हेरेडिटरी पहिला ठेवेन.

तुंबाडबद्दल मत याच्या उलट दिशेने. बीज नारायण धारपांच्या कथेचं, राही अनिल बर्वे यांनी खऱ्या पावसात, अनेक पावसाळे थांबून शूट केलेला. १९१८ चा पहिला भाग हा भारतीय भयपटातला सर्वोत्तम तुकडा आहे असं मी बेधडक म्हणतो. साखळदंडातली म्हातारी, तिला भरवायची वेळ, आणि उरलेलं सगळं अर्धवट सांगितलेलं. (ती म्हातारी आणि पुढचा मुलगा पांडुरंग, दोन्ही मोहम्मद समदनेच केलेत.) पुढे देवीच्या गर्भात उतरायचे नियम पक्के होतात : कणकेची बाहुली, रिंगण, हस्तर या शापित देवाच्या लंगोटातल्या सोन्याच्या मुद्रा. नियम कळले की भीतीची जागा उत्कंठा घेते. बापलेक अनेक बाहुल्या घेऊन उतरतात आणि अनेक हस्तर येतात ते दृश्य हुशार आहे, पण त्यात पहिल्या भागातलं भय नाही. ज्यांना लोभाची गोष्ट हवी होती त्यांना शेवट पुरेपूर मिळाला, ज्यांना म्हातारी हवी होती ते नाराज झाले. २०१८ मध्ये थंड गेलेला हा चित्रपट २०२४ च्या पुनःप्रदर्शनात पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, याचं एक कारण मला हेच दिसतं की दुसऱ्यांदा येणाऱ्याला कशाची गोष्ट आहे ते ठाऊक होतं.

लपाछपी २०१७ चा, विशाल फुरिया यांचा. उसाचा फड दिवसाढवळ्या भीतीदायक करणं ही मोठी कामगिरी : चारी बाजूंना सारखंच दिसतं, वाट ओळखायला एकही खूण नाही. स्त्रीभ्रूणहत्येचा मुद्दा गोष्टीत पूर्ण मुरलेला असताना तो शेवटी बोलून दाखवण्याची गरज नव्हती. तरी त्याचा हिंदी रिमेक असलेल्या छोरीऐवजी हाच घ्या.

पायरव

तिसरा प्रश्न. लैंगिक हिंसा नको असेल तर इरिव्हर्सिबल यादीतून काढा, यावर दुसरा विचार नको. त्यातलं बलात्काराचं दृश्य सुमारे नऊ मिनिटांचं, एकाच अखंड शॉटमध्ये आहे, कॅमेरा जमिनीलगत स्थिर. ‘तेवढं पुढे ढकलू’ चालत नाही, कारण गोष्ट उलट्या क्रमाने सांगितलेली आहे आणि पुढची सगळी शांत दृश्यं त्या प्रसंगाच्या ओझ्याखालीच बघायची आहेत. दिग्दर्शकाने नंतर सरळ क्रमाची आवृत्तीही काढली, पण दृश्य तिथेही आहेच.

मदर!मध्ये शेवटाकडे तान्ह्या बाळाचा मृत्यू आहे, हेरेडिटरीत लहान मुलीचा. हे आधी सांगा, विशेषतः गटात कुणाच्या घरी लहान मूल असेल तर. तान्ह्या बाळाचा प्रसंग द विचमध्येही अगदी सुरुवातीला येतो.

फनी गेम्स १९९७ चा ऑस्ट्रियन घ्या. दिग्दर्शक हानेकेनेच २००७ मध्ये इंग्रजीत तो शॉट-बाय-शॉट पुन्हा केला, दोन्ही बघण्याचं कारण नाही. मारहाण जवळपास सगळी चौकटीबाहेर घडते. आपल्याला आवाज ऐकू येतो आणि नंतर हलता न येणारी माणसं दिसत राहतात. गटात कुणी मारधाडीला सरावलेलं असेल तर त्याच्यासाठी हा योग्य आहे, कारण त्याला हवं ते दाखवायला चित्रपट नकार देतो आणि रिमोटच्या एका प्रसंगात हातात आलेलं समाधानही काढून घेतो. काहींना हा प्रेक्षकाला दिलेला उपदेश वाटतो. तो आक्षेप मला मान्य आहे, पण उपदेश इतक्या नेमक्या कारागिरीने केलेला दुसरा चित्रपट मला माहीत नाही.

स्किनामारिंक गटात लावू नका. १५,००० डॉलरमध्ये, दिग्दर्शकाच्या लहानपणच्या घरात केलेला चित्रपट आहे. शंभर मिनिटं छत, दाराच्या चौकटी आणि टीव्हीचा उजेड. एकाने खोकलं, एकाने फोन उघडला की संपलं. एकट्याने, हेडफोन लावून, मध्यरात्रीनंतर.

अग्ली ठेवा. त्यात भूत नाही, मूल हरवलेलं असताना प्रत्येक मोठा माणूस स्वतःचा हिशेब करतोय. २०१३ मध्ये कानला दाखवला गेला आणि इथे २०१४ च्या डिसेंबरमध्ये आला. मधल्या काळात पडद्यावरच्या धूम्रपानाच्या इशाऱ्यावरून अनुराग कश्यप न्यायालयात गेले होते. इशाऱ्याचा तो पांढरा मजकूर अंधाऱ्या दृश्यात डोळा सारखा खाली ओढतो, तेव्हा ती तक्रार निव्वळ हट्टाची नव्हती.

मध्यरात्र

लॅपटॉप ‘फुल’वर आणि टीव्ही ‘लो’वर, म्हणजे लिमिटेडवर, होता. दोन्ही सारखं केल्यावर पीटरच्या खोलीतला कोपरा दिसला. इरिव्हर्सिबल काढला, स्किनामारिंक ज्याने त्याने घरी. आवाजाचं काय? टीव्हीचेच स्पीकर आहेत.

एचडीएमआय_दोन

टीव्हीचे स्पीकर साधारण १०० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाहीत. इरिव्हर्सिबलच्या पहिल्या अर्ध्या तासात २७ हर्ट्झच्या आसपासचा घुमता सूर मुद्दाम घातलेला आहे, लोकांना मळमळावं म्हणून. टीव्हीवर तो अस्तित्वातच नसतो. हेरेडिटरीतल्या कॉलिन स्टेटसनच्या संगीताचा खालचा थरही असाच गायब होतो. सबवूफरवाला साधा २.१ साउंडबार मिळाला तर त्या रात्रीपुरता मागून आणा.

नाहीच मिळाला तर निदान ‘नाइट मोड’ आणि ‘ऑटो व्हॉल्यूम’ बंद करा. ते हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज हळू करतात, त्यामुळे शांतता आणि किंकाळी एकाच पातळीवर येतात. टीव्हीचं ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम स्टिरिओ’ ठेवा. ५.१ (सहा चॅनलचा) ट्रॅक स्टिरिओत नीट उतरला नाही तर मधल्या चॅनलचे संवाद दबतात, मग सगळे आवाज वाढवतात आणि पुढच्या धक्क्याला शेजारी दार वाजवतात. आवाज संवादांवर लावा : सगळ्यात हळू बोललं जाणारं वाक्य शेवटच्या खुर्चीवर कळलं की थांबायचं, आणि मग चित्रपट संपेपर्यंत रिमोट कुणाच्याच हातात द्यायचा नाही.