डिस्कच्या शेवटी ६० जीबी मोकळे, तरी रूट पार्टिशन वाढत नाही

नवा_उबुंटूकर:
एमबीआर डिस्क (पार्टिशनची जुनी पद्धत). एसडीए१ रूट, म्हणजे उबुंटू असलेलं पार्टिशन (ईएक्सटी४ फाइलसिस्टिम, ५० जीबी, ९६% भरलेलं), मग एसडीए२ एक्स्टेंडेड (आत इतर पार्टिशन ठेवणारं), त्यात एसडीए५ स्वॉप (रॅम कमी पडली की वापरायची जागा), ८ जीबी. शेवटचं डेटा पार्टिशन काढल्याने पुढे ६० जीबी रिकामे आहेत. पण जीपार्टेडमध्ये (पार्टिशन बदलायचं साधन) एसडीए१ची कड उजवीकडे सरकतच नाही.

पेंग्विनकाका:
मध्ये एसडीए२ आडवं आलंय. पार्टिशन म्हणजे सलग पट्टा, त्याला खेटून असलेलीच जागा मिळते. स्वॉपमध्ये कायमचा डेटा नसतो, तेव्हा सरकवत बसू नका, सरळ उडवा. बॅकअप मात्र आधी घ्या.

जीपार्टेडमध्ये एसडीए५वर राइट क्लिक करून स्वॉपऑफ (स्वॉपचा वापर बंद), मग ते डिलीट, त्यानंतर एसडीए२ डिलीट, अप्लाय. मग टर्मिनलमध्ये:

सुडो ग्रोपार्ट /डेव्ह/एसडीए १
सुडो रिसाइझ२एफएस /डेव्ह/एसडीए१

पहिल्या ओळीत १च्या आधी स्पेस आहे, दुसऱ्या ओळीत नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. ग्रोपार्ट नसेल तर क्लाउड-गेस्ट-युटिल्स पॅकेज टाका. ईएक्सटी४ माउंट (जोडलेलं, वापरात) असतानाही वाढतं. लाइव्ह यूएसबी लागतो तो लहान करायला किंवा जागेवरून हलवायला.

बूटवेडा:
काकांचं एफएसटॅब (बूट होताना काय जोडायचं त्याची यादी) सांगायचं राहिलं. /ईटीसी/एफएसटॅबमधली जुन्या स्वॉपच्या यूयूआयडीची (पार्टिशनचा ओळख क्रमांक) ओळ # लावून बंद करा, नाहीतर बूट होताना नसलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट बघत बसेल. /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम फाइलमध्येही (हायबरनेटमधून उठताना कुठलं स्वॉप वाचायचं ते इथे असतं) तोच यूयूआयडी असू शकतो. तिथे रिझ्यूम=नन करा (मूळ फाइलीत अर्थात इंग्रजी अक्षरं) आणि सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवा.

स्वॉपसाठी आता फाइलच बरी, उबुंटूही १७.०४पासून तेच करतं. फॅलोकेट -एल ४जी /स्वॉपफाइल, मग त्याच फाइलवर सीएचमॉड ६००, एमकेस्वॉप, स्वॉपऑन. मग एफएसटॅबमध्ये तिची ओळ. हायबरनेट (रॅममधलं डिस्कवर उतरवून बंद करणं) वापरत असाल तर फाइलचा ऑफसेटही (डिस्कवर ती कुठे सुरू होते तो आकडा) द्यावा लागतो, ती कटकट वेगळी.

नवा_उबुंटूकर:
एलएसबीएलके कमांड ११८ जीबी दाखवतेय, डीएफ कमांड अजून ५०च!

पेंग्विनकाका:
म्हणजे पार्टिशन वाढलं, आतली फाइलसिस्टिम नाही. रिसाइझ२एफएसची ओळ राहिली आहे. रीस्टार्ट करायची गरज नाही.