उरलेला घरगुती रंग परत कोठे द्यावा? (सांगली)

प्रश्न : विश्रामबागकर

दिवाळीपूर्वी आम्ही घराला रंग दिला. रंगारी काम आटोपून गेले, जाताना रिकाम्या बादल्या आणि डब्यांतली बक्षिसाची टोकन तेवढी आठवणीने घेऊन गेले, आणि जिन्याखाली आमच्यासाठी वीस लिटरच्या बादलीत पाव भाग उरलेले फिकट पिवळे इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग), ग्रिलसाठी आणलेल्या ऑइलपेंटचे दोन अर्धवट डबे आणि बाटलीभर गढूळ टर्पेंटाइन ठेवून गेले. त्यांच्या शेजारी सासऱ्यांच्या काळातला, झाकण गंजून बसलेला हिरव्या ऑइलपेंटचा डबाही आहे. दुकानदारांकडे विचारले असता, मशीनवर शेड मिसळलेला रंग परत घेता येत नाही, असे त्यांनी सांगितले. आमची ती शेड दुसरे कोण घेणार, हेही खरेच. माझी बहीण अमेरिकेत ओरेगन राज्यात राहते. तेथे २०१० पासून रंग विकतानाच किमतीत थोडे शुल्क धरले जाते आणि उरलेला रंग ठरावीक दुकानांत विनामूल्य परत करता येतो. आपल्याकडे अशी काही सोय आहे का?

विचारण्याचे कारण असे की, २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या जुन्या घरात याच हिरव्या डब्याचा जोडीदार तरंगत जाऊन उघडला होता. पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाच्या रेषेवर बोटभर हिरवी रेष राहिली होती.

उत्तर : डबेवाला, कुपवाड

रंगाच्या दुकानात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून स्पष्टच सांगतो : उरलेला रंग परत घेण्याची तशी व्यवस्था मला आपल्याकडे आढळलेली नाही. सीलबंद, शेड न मिसळलेला डबा ओळखीचे दुकानदार कधी कधी बदलून देतात, इतकेच. त्यामुळे आधी पाण्याचा रंग आणि तेलाचा रंग वेगळा करा, कारण दोघांची वाट वेगळी आहे.

इमल्शन उघडून वास घ्या. कुजका वास येत असेल तर ते नासले आहे. नसेल तर वरची साय काढून, जुन्या ओढणीतून गाळून घ्या. पाच लिटरमध्ये कंपाउंडची आतली बाजू किंवा गच्चीवरची खोली सहज निघेल, नाहीतर नात्यात कोणाचे काम निघाले असेल त्यांना शेडचा नंबर लिहून द्या. नासलेल्या इमल्शनमध्ये वाळू किंवा चुना मिसळून ते पसरट घमेल्यात वाळू द्यावे आणि पूर्ण घट्ट झाल्यावरच सुक्या कचऱ्यात द्यावे. मोरीत ओतू नका, ब्रश धुतलेले पाणीही गटारात सोडू नका. आपल्या गटारांचे पाणी शेवटी कोठे जाते, हे सांगलीकरांना कृष्णेत सांडपाणी नेणाऱ्या शेरीनाल्याने पुरेसे शिकवले आहे.

टर्पेंटाइन मात्र फेकू नका. बाटली आठवडाभर हलवू नका; रंग तळाशी बसेल, वरचे स्वच्छ टर्पेंटाइन पुढच्या ब्रशसाठी निथळून घ्या.

उत्तर : तासगावकर

ऑइलपेंटसाठी एक उपाय सुचवतो. आम्ही उरलेला लाल आणि निळा रंग दरवर्षी गावाकडे चुलत्यांना देतो. बेंदराला बैलांची शिंगे त्यानेच रंगवतात. रंग वाया जात नाही आणि बैलही शोभतो.

उत्तर : गोठ्यातला डॉक्टर

तासगावकरांचा हेतू चांगला आहे, तरीही पशुवैद्यक म्हणून मला हा उपाय मान्य करता येत नाही. जनावरे एकमेकांना चाटतात, आणि त्याहून वाईट म्हणजे गोठ्याच्या कोपऱ्यात टाकलेला उघडा डबा चाटतात. गाईबैलांना शिशाची विषबाधा होण्याचे जुना रंग हे परिचित कारण आहे. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. प्रश्नकर्त्यांचा हिरवा डबा त्याच्या कितीतरी आधीचा दिसतो. तो ना शिंगांना लावावा, ना पाळण्याला, ना अंगणवाडीच्या खिडकीला. नव्या रंगातही थिनर असतोच. शिंगांना गेरू पुरे.

उत्तर : वॉर्डातला शेजारी

ऑइलपेंटच्या डब्यांबाबत नियम सांगतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनीच रंगाचे टाकाऊ डबे ‘घरगुती घातक कचऱ्या’त धरले आणि तो जमा करण्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र उभारण्याचे काम स्थानिक संस्थेवर सोपवले. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग असून रंगाचे डबे चौथ्या भागात येतात. म्हणून आपल्या प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकांना ‘विशेष काळजीचा कचरा’ हाच शब्द वापरून लेखी विचारावे; ‘रंग कोठे टाकू’ असे तोंडी विचारल्यास उत्तरही तसेच मिळते. भंगारवाल्यास भरलेला डबा देऊ नये, कारण त्याला हवा असतो तो पत्रा. आतला रंग तो पहिल्या ओढ्यात ओततो.

डबेवाल्यांच्या उत्तरात एक भर : ऑइलपेंट लाकडाच्या भुशात जिरवू नका. त्यातले तेल वाळताना तापते, आणि असा भुसा किंवा पुसलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या दोरीवर सुट्या पसरून वाळवाव्यात.

विश्रामबागकर

सर्वांचे आभार. इमल्शनने काल गच्चीवरची खोली रंगवून झाली, वाटीभर उरले ते चुन्यात वाळत ठेवले आहे. ऑइलपेंटचा एक डबा समोरच्या फॅब्रिकेशनवाल्यांनी गेटसाठी आनंदाने घेतला. दुसरा डबा आणि हिरवा डबा मी झाकण ठोकून, पिशवीत बांधून, वर तारीख व ‘शिसे असू शकते’ असे लिहून जिन्याखालून माळ्यावर हलवला आहे. निरीक्षकांना अर्ज सोमवारी देईन.