एन्झाइमचा आकार आणि औषध

‘एन्झाइमचे नुसते आकार बघून नवी अँटिबायोटिक्स कशी मिळणार?’ असं एकाने विचारलंय, त्यावर थोडं सांगतो. एन्झाइम म्हणजे पेशीतली रासायनिक कामं करणारं प्रथिन.

पेनिसिलिन बॅक्टेरियाची पेशीभित्ती विणणाऱ्या एन्झाइमला चिकटून त्याचं काम थांबवतं. बॅक्टेरियाचं उत्तर म्हणजे बीटा-लॅक्टमेज. हे एन्झाइम औषधातलं चार अणूंचं कडंच तोडतं. कुठे धरून तोडतं हे पाहायचं तर आधी त्याचा स्फटिक हवा. आमच्या शिरोड्याच्या मिठागरात पाणी आटत जातं आणि मीठ धरतं, तसंच इथेही थेंबातलं पाणी सावकाश कमी होऊ द्यायचं. पण प्रथिन मिठासारखं हुकमी धरत नाही. शेकडो थेंब लावूनही कधी हाती काही येत नाही. आला स्फटिक, की त्यावर क्ष-किरण सोडून अणूंच्या जागा काढायच्या. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे जोरदार क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, ही सोय आहे.

आता एनडीएम-१ हे दुसरं बीटा-लॅक्टमेज बघा. औषध जिथे बसतं त्या त्याच्या खाचेत जस्ताचे दोन आयन (विद्युतभार असलेले अणू) असतात, त्यांच्या जोरावर ते कडं फोडतं. अविबॅक्टॅम हे औषध खाचेतल्या सेरीनला (प्रथिनाचा एक घटक) पकडून अनेक बीटा-लॅक्टमेज रोखतं. एनडीएमच्या खाचेत तसं सेरीनच नाही, म्हणून तिथे ते चालत नाही. आकार समोर असला की पुढचा रेणू जस्ताला धरणारा हवा हे कळतं.

माझ्या काकांना जाळं ओढताना माशाचा काटा लागला होता. हात सुजला, दोन औषधं लागू पडली नाहीत, तिसऱ्याने उतार पडला. तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही.