पीटी (व्यवसाय कर): फिटरलाही २०० अन् साहेबांनाही २००?

चाकणचा फिटर
मंडळी, पगार १४ हजार. स्लिपवर पीएफच्या खाली पीटी २००, फेब्रुवारीत ३००. आमच्या प्लांट हेडना महिन्याला पाच लाख, त्यांचीही पीटी तेवढीच! असं कसं? आणि हे पैसे जातात कुठं?

पगारपत्रक काका
जन्म पगारपत्रकं करण्यात गेला, म्हणून सांगतो. पुरुषाचा पगार दहा हजारांवर गेला की वर्षाला २,५००, मग पुढं कितीही मिळवा. राज्याला वाटलं तरी जास्त घेता येत नाही, घटनेच्या २७६व्या कलमातच मर्यादा आहे. १९८८ साली ती २५० वरून २,५०० केली, ती आजतागायत तशीच. तुमच्या शंभरातला दीड रुपया जातो, साहेबांच्या शंभरातले चार पैसे.

पण १९७५ साली हा कर आला तो रोजगार हमीसाठी. बहात्तरच्या दुष्काळानंतर वि. स. पागेंची योजना चालवायला पैसा हवा होता. शहरातल्या पगारदाराकडून घ्यायचा, सरकारनं तेवढीच भर घालायची, अन् गावाकडं मागेल त्याला काम द्यायचं. माझी आई पाझर तलावाच्या कामावर होती. मुकादम टेप लावून खड्डा मोजायचा, मग मस्टरवर अंगठा. पगार लांबायचा, पण मिळायचा. उन्हात खडी फोडायला खाऊनपिऊन सुखी माणूस येत नाही, त्यामुळं गरिबीचा दाखला कुणाला मागावाच लागला नाही. वाटायची ही रीत मला आजही पटते. घ्यायची रीत मात्र अन्यायाचीच आहे, त्यात तुमचं चुकत नाही.

शंकासुर
काका, आईंना नमस्कार, पण नव्वदच्या दशकात रोजगार हमीच्या कामावरची माणसं घटली, कर कुठं घटला? निधी पडून राहायचा. त्यात २००५ ला केंद्राचा रोजगार हमी कायदा आला, मजुरी दिल्लीतून यायला लागली. मग आमचे २०० कशाला?

पगारपत्रक काका
केंद्राच्या त्या कायद्यात वर्षाला शंभर दिवसांचीच हमी होती. त्यापुढचं काम राज्यानं स्वतःच्या पैशातून द्यायचं ठरवलं होतं, म्हणून. बाकी निधीचं म्हणाल तर खरंय. त्यावर ओरडायला हवं होतं, पण खडी फोडणाऱ्यांना मंत्रालयात विचारतो कोण!

सुनीता_पुणे
मध्येच विचारते. बायकांना माफ आहे ना? माझा पगार १८ हजार, तरी दर महिन्याला कापतात.

पगारपत्रक काका
ताई, एप्रिल २०२३ पासून बायकांना २५ हजारांपर्यंत माफी आहे. एचआरला लेखी द्या, तोंडी सांगू नका. आणि मागचे कापलेलेही मागा.